वजन उतरलं, कातडी उरली: ऑपरेशनआधीचे महिने आणि नंतरचे सहा आठवडे

चाळीस-पन्नास किलो वजन उतरल्यावर पोटाखाली, दंडांना, मांड्यांच्या आतून जी कातडी लोंबते, ती व्यायामाने आत जात नाही. वर्षानुवर्षं ताण खाऊन तिच्यातले लवचीक तंतू तुटलेले असतात. क्रीम, मसाज आणि मशीनच्या सिटिंगवर या टप्प्याला पैसे घालवू नका. जादा कातडी कापून काढणं हा एकच उपाय आहे आणि त्याची किंमत म्हणजे कायमचा लांबलचक व्रण. हा सौदा मनाला पटत नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

कधी करायचं? बेरिॲट्रिक म्हणजे वजन उतरवण्यासाठीच्या पोटाच्या ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिन्यांनी, आणि त्यातही शेवटचे सहा महिने वजनाचा काटा जवळपास एका जागी राहिलेला असेल तेव्हा. महिन्याला दोन किलोंपेक्षा जास्त चढउतार असेल तर अजून वेळ आलेली नाही. घाईने पोट घट्ट करून घेतलं आणि पुढे आणखी दहा किलो उतरले, की तीच कातडी पुन्हा सैल पडते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या खाली असलेला उत्तम. ३५ च्या वर जखम उकलण्याचं आणि पू होण्याचं प्रमाण बरंच वाढतं. मूल हवं असेल तर पोटाचं ऑपरेशन बाळंतपणानंतर करा.

आता रक्त. या ऑपरेशनात बिघडतं ते बहुतेक वेळा टेबलावर नाही, तर आधीच्या तीन महिन्यांत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्या दोन-तीन महिने आधी करा, आदल्या आठवड्यात नव्हे. वजनासाठी जठराचा बायपास (हृदयाचा नव्हे) झालेल्यांचं फेरिटिन गोळ्या खाऊन खाऊनही हलत नाही, कारण लोह मुख्यतः जिथे शोषलं जातं, तो लहान आतड्याचा पहिला भागच वळसा घालून टाळलेला असतो. अशांना लोह शिरेतून द्यावं लागतं आणि हिमोग्लोबिन वर यायला पुढे काही आठवडे लागतात.

प्रथिनं रोज किमान ६० ते ८० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, वाटीभर उसळीत ७-८. म्हणजे वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही. पोट लहान केलेलं असताना एका बैठकीत फार जातही नाही. म्हणून ताटात प्रथिनं आधी खायची, पोळी-भात उरलेल्या जागेत. तरी कमी पडत असेल तर व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची) घ्या, त्यात कमीपणा नाही.

तंबाखू ऑपरेशनआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे सिगारेट-बिडीच नव्हे, गुटखा, मावा आणि मिश्रीसुद्धा. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि त्यांच्या मते ते दात घासणं असतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. पोटाची कातडी सोडवून खाली ओढल्यावर तिच्या कडेपर्यंत रक्त पोचणं आधीच कठीण असतं. त्यात हे आलं की कड काळी पडते आणि झडते. निकोटिनचा च्युइंगगमही याच हिशेबात धरा.

वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं. रात्रीपासून उपाशी असूनही पोटात अन्न उरतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. गर्भनिरोधक गोळ्या, ॲस्पिरिन आणि आयुर्वेदिक काढेही लपवू नका. बायपास झालेला असेल तर दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. नंतर ड्रेसिंगला गेल्यावर वेगळे डॉक्टर असले तर त्यांनाही हे सांगावं लागतं.

सर्जन प्लास्टिक सर्जरीतले एमसीएच किंवा डीएनबी हवेत. कॉस्मेटिकचा दोन-चार महिन्यांचा कोर्स म्हणजे ही पदवी नव्हे. अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल निवडा. पोट, दंड, मांड्या आणि छाती एकाच दिवशी उरकून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. टेबलावरचे तास वाढतात तशा रक्ताच्या गुठळ्याही वाढतात. आधी पोट किंवा कमरेभोवतीचा पूर्ण पट्टा, मग किमान तीन महिन्यांनी दंड-छाती, आणि मांड्या शेवटी. जांघेतली जखम घामाने आणि चालण्याने सगळ्यात जास्त उकलते, म्हणून तिला वेगळा वेळ द्यावा.

पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचा उजव्या बरगडीखाली तिरका, लांब व्रण असेल तर तो पहिल्याच भेटीत दाखवा. वरून येणारा रक्तपुरवठा तिथे तुटलेला असतो आणि व्रणाखालची कातडी मरू शकते; छेदाची आखणीच बदलावी लागते. ही आखणी उभं राहून होते, कारण झोपल्यावर कातडी बाजूला सांडते. त्या वेळी नेहमीची चड्डी घालून जा आणि परकराची नाडी कुठे बांधता ते बोटाने दाखवा. नाडी बरोबर व्रणावर आली तर पुढे रोजचं घासणं आहे.

घरी आल्यावर पाठ टेकून, गुडघ्यांखाली दोन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं झोपा. पहिले आठ-दहा दिवस वाकूनच चाला. ताठ झालात की टाक्यांवर ताण येतो. पण चाला जरूर, पहिल्या दिवसापासून. एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, यांपैकी काहीही झालं तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीला जा. भारतीय संडास सहा आठवडे बंद; कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

ड्रेन म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर ओढून डबीत साठवणारी नळी. तिचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सकाळी आणि रात्री, ठरलेल्या वेळी: हात धुवा, झाकण उघडा, पाणी मापाच्या कपात ओता, मिली वहीत लिहा. मग फुगा किंवा डबी पूर्ण दाबून हवा काढा आणि दाबलेली धरूनच झाकण लावा. इथेच चूक होते. दाब सोडून झाकण लावलं की ओढ राहत नाही आणि पाणी कातडीखाली साठतं. रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या आत आलं की सर्जन ड्रेन काढतात. तासाभरात डबी लालभडक भरली आणि पोट एका बाजूला फुगलं तर आत रक्तस्राव आहे.

ड्रेन निघाल्यावर पोटावर बोट मारलं की पाण्याच्या पिशवीसारखी लाट हलते का, पाहा. हलत असेल तर पाणी साठलंय. ते ओपीडीत सुईने काढतात, कधी तीन-चार वेळा. टाक्यांच्या रेषा जिथे मिळतात तिथे रुपयाएवढी जखम उघडणं हेही नेहमीचं आहे. ती ड्रेसिंगने भरते. पुन्हा शिवायची घाई कुणी करत नाही.

प्रेशर गारमेंट, म्हणजे जखमेवर दाब देणारा घट्ट कपडा, सहा आठवडे, दोन जोड. पावसाळ्यात एक वाळत नाही आणि ओला घातला की कातडीच्या घडीत बुरशी येते. जमलं तर ऑपरेशन थंडीतच ठेवा. चार-पाच किलोंवर उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली आणि नातवंडं दोन्ही.

विम्याचं आधी बघा. कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीतून वगळलेली असते. वैद्यकीय गरज असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तरच वाट उघडते. त्यासाठी लोंबत्या कातडीच्या घडीत उठणाऱ्या चट्ट्यांचे तारखेसह फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञाचे कागद सहा महिने जमवा. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली तर गजकर्ण चिघळतं, आणि कागद तर हाती काहीच राहत नाही.

व्रणावर जखम पूर्ण भरल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सिलिकॉन जेल किंवा पट्टी, दिवसाला १२ तास, तीन महिने. आपल्या सावळ्या कातडीत व्रण जाड आणि काळपट होण्याकडे कल असतो. खाज येऊन तो फुगायला लागला तर लगेच दाखवा. त्या वेळी इंजेक्शनने दबतो. टोकांना उरलेले कातडीचे कोपरे मात्र वर्षभर तसेच राहू द्या. काही आपोआप बसतात, उरलेले जागेवर भूल देऊन काढता येतात.