घरी स्पॅनिश सीफूड पाएया करताय? या चुका टाळा

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात मी हौसेने पाएया, म्हणजे इथला प्रसिद्ध भात, करायला घेतली. बासमती तीनदा धुतला, अर्धा तास भिजवला, कोळंबी घालून झाकण ठेवलं, मधे मधे ढवळलं. चव छान होती पण झाला तो कोळंबीभातच. मग खालच्या मजल्यावरच्या आजींनी एका रविवारी मला त्यांच्या गॅसपाशी उभं केलं (इथे पाएया दुपारचीच, रात्री कुणी करत नाही) आणि तेव्हा कळलं की भात करायची आपल्या हाताला जी सवय आहे ना, तीच इथे आडवी येते.

पहिली गोष्ट तांदूळ. इथे शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या भोवती भातशेती, तिथले बोंबा, सेनिया हे आखूड गोलसर दाण्याचे तांदूळ पाएयाला लागतात. बोंबा भरपूर रस पितो आणि तरी दाणा फुटत नाही. धुवायचा नाही, भिजवायचा तर अजिबात नाही. रिसोटो या इटालियन भाताचा आर्बोरियो तांदूळ घेतलात तर मलईदार होतो, ते इथे नकोय. सुट्टीत पुण्याला आईकडे मी इंद्रायणीची करून बघितली, वास काय सुंदर, पण भात आसट झाला. त्यातल्या त्यात कोलम बरा, फक्त त्याला स्टॉक दुपटीच्या आसपासच घाला. बोंबाला मात्र तिप्पट, म्हणजे चौघांना 400 ग्रॅम तांदूळ आणि साधारण 1.2 लिटर स्टॉक.

आणि स्टॉक म्हणजे गरम पाणी नव्हे हो! कोळंबीची डोकी आणि सालं आपण सरळ फेकून देतो, सगळी चव तर त्यातच असते. ती तेलात लाल होईपर्यंत परता, डोकी डावाने दाबा, नारिंगी रस सुटतो तो बघा, मग माशाचे काटे आणि पाणी घालून अर्धा तास उकळा आणि गाळा. मीठ इथेच नीट बघायचं, सूप म्हणून प्यायलं तर किंचित खारट लागायला हवं कारण पुढे तांदूळ ते ओढून घेतो.

सोफ्रितोत, म्हणजे भाताखालच्या परतलेल्या मसाल्यात, घाई करू नका. लसूण, किसलेला टोमॅटो, पाणी पूर्ण आटून गडद गोळा होईपर्यंत परतायचा, दहा-पंधरा मिनिटं जातातच. पिमेंतोन, म्हणजे त्यांची लाल मिरचीपूड, टोमॅटोच्या आधी घातली तर काही सेकंदात जळते आणि सगळं कडू. इथे न्योरा नावाची सुकी गोल मिरची वापरतात, तिच्या जागी भिजवलेल्या ब्याडगीचा गर मस्त चालतो, रंग येतो आणि तिखटपणा बेताचा. कांदा आजी घालू देत नाहीत, त्याने भात मऊ पडतो म्हणतात. चोरिझो, म्हणजे त्यांचं डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, तर घालूच नका, 2016 मध्ये एका ब्रिटिश शेफने घातला तर अख्खा स्पेन चिडला होता.

आता भांडं. पाएया हे मुळात त्या पसरट भांड्याचंच नाव. कढईत किंवा पातेल्यात केलीत तर खालचा भात शिजून गळतो आणि वरचा कच्चा राहतो. तांदळाचा थर बोटभरसुद्धा नको, चौघांना 40 सेंटीमीटरचं भांडं लागतं. गॅसची शेगडी तेवढी मोठी नसते, मग भांडं दोन शेगड्यांवर ठेवा आणि दर दोन मिनिटांनी फिरवत राहा.

तांदूळ पसरला की झारा खाली ठेवायचा. ढवळलंत की स्टार्च सुटतो आणि भात चिकट होतो. आठ-दहा मिनिटं मोठी आच, मग आठ-दहा मिनिटं मंद, झाकण नाही.

माकूल सुरुवातीलाच सोफ्रितोत जातो पण कोळंबी नाही. ती आधी तेलात दोन्ही बाजूंनी मिनिटभर परतून बाजूला काढा आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत वर ठेवा, नाहीतर रबर होते. तिसऱ्या घालणार असाल तर मिठाच्या पाण्यात ठेवून रेती काढा, वेगळ्या उघडून घ्या आणि त्यांचं पाणी फडक्याने गाळून स्टॉकमध्ये घाला.

पाणी आटलं पण वरचा दाणा कडक आहे? चार चमचे गरम स्टॉक शिंपडा, गॅस बंद करा, स्वच्छ फडकं झाकून पाच मिनिटं थांबा. अठरा मिनिटांनी पाणी उरलंय? आच वाढवा.

आणि सोकारात, तळाची ती खरपूस खरपुडी जिच्यासाठी इथे घरात चढाओढ असते! शेवटची दीड-दोन मिनिटं आच मोठी करा आणि कान देऊन ऐका, रटरट थांबून बारीक तडतड सुरू होते. भाजलेल्या पावासारखा वास आला की लगेच बंद, करपल्याचा वास यायची वाट बघू नका. मग पाच मिनिटं तशीच ठेवा आणि भांडंच टेबलावर मधोमध न्या, प्रत्येकाने आपापल्या बाजूने चमच्याने खायचं, तळ खरवडत.