चीन-युरोप संयुक्त डिझाइन प्रकल्प: 'संस्कृती'ला दोष देण्याआधी या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये प्रॉडक्ट डिझाइन शिकताना मी एका संयुक्त स्टुडिओत, म्हणजे दोन देशांतल्या विद्यार्थ्यांच्या एकत्र प्रकल्पवर्गात होते. आमच्या बाजूला दोन डच मुलं, एक इटालियन मुलगी आणि पुण्याहून गेलेली मी. पलीकडे शांघायजवळच्या एका शहरातले चौघे. विषय होता एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी पाणी उकळायची किटली, मुदत दहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात डच मुलं मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते बोलतच नाहीत." चौथ्या आठवड्यात पलीकडच्या एकीने मला चॅटवर विचारलं, "तुमची मुलं आमच्यावर चिडली आहेत का?" मी दोन्हींपैकी कोणाचीच नव्हते, त्यामुळे तक्रारी माझ्याकडेच यायच्या.

पुढे अशाच दोन स्टुडिओंत मी मदतनीस म्हणून काम केलं. तेव्हा लक्षात आलं, की ज्या भांडणांना 'सांस्कृतिक फरक' हे भारदस्त नाव मिळतं, त्यातल्या बऱ्याच भांडणांचं मूळ कॅलेंडरमध्ये, विषयाच्या क्रेडिटमध्ये नाहीतर होस्टेलच्या खोलीत असतं. आधी तिथे बघा. खरा सांस्कृतिक फरकही असतो, पण तो भलत्याच ठिकाणी सापडतो.

घड्याळाची आणि सुट्ट्यांची चूक

अख्ख्या चीनची अधिकृत वेळ एकच आहे आणि उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत तिथे नाही. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे सरकतात. त्यामुळे नेदरलँड्स, जर्मनी किंवा इटलीशी असलेलं अंतर हिवाळ्यात ७ तास असतं, उन्हाळ्यात ६. आमची मीटिंग दर मंगळवारी आमच्या सकाळी १० ला, त्यांच्या संध्याकाळी ५ ला. मार्चअखेरच्या मंगळवारी आम्ही १० ला बसलो, तर स्क्रीनवर कोणीच नाही. ११ ला चौघे एकदम हजर, हसतमुख. त्यांच्या घड्याळात बरोबर ५ वाजले होते! तोवर आमच्यातल्या एकाने ग्रुपवर एक तिखट मेसेज टाकलेला होता आणि तो मागे घ्यायची मुदतही गेली होती. मीटिंग कोणाच्या घड्याळावर चालणार हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि प्रत्येक निमंत्रणात दोन्ही वेळा लिहा.

सुट्ट्यांचंही तसंच. चिनी नववर्ष चांद्र पंचांगावर चालतं, म्हणून दरवर्षी हलतं: २०२६ मध्ये १७ फेब्रुवारी, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारी. आपल्याला गुढीपाडव्याची तारीख दरवर्षी बघायची सवय असते, युरोपियन मुलांना ती नसते. ती उत्साहाने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रकल्प सुरू करतात आणि पलीकडची मुलं गावी आजी-आजोबांकडे असतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही तिथे सुट्टीचा. त्या बदल्यात आधीचा किंवा नंतरचा एखादा शनिवार-रविवार कामाचा धरतात. उलट नाताळात युरोप झोपलेला असतो आणि चीनमध्ये वर्ग चालू असतात.

"ते काम करत नाहीत"

हे वाक्य ऐकलं की मी एकच प्रश्न विचारते: त्यांना या विषयाचे क्रेडिट किती? युरोपीय पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, घरी केलेलं धरून. आमच्यासाठी हा ५ क्रेडिटचा विषय, म्हणजे सुमारे १४० तास. पलीकडच्या चौघांसाठी तो २ क्रेडिटचा ऐच्छिक विषय, म्हणजे वर्गातल्या जेमतेम ३२ तासिका. त्याशिवाय त्या सत्रात त्यांचे आणखी सात-आठ विषय चालू होते. म्हणजे ती मुलं तुटपुंज्या वेळात जीव तोडून काम करत होती आणि आम्ही त्यांना आळशी ठरवत होतो. दोन्हीकडच्या शिक्षकांनी हे आधी जुळवायला हवं हे खरंच, पण ते बहुधा जुळवत नाहीत. मग विद्यार्थ्यांनीच पहिल्या मीटिंगमध्ये आठवड्याचे तास मांडायचे आणि कामाची वाटणी त्या प्रमाणात करायची.

साधनं

यावर फार लिहायला नको. गुगल ड्राइव्ह, गुगल डॉक्स, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब चीनमध्ये बंद आहेत. "व्हीपीएन वापरा ना" असं सांगून दुसऱ्याला अडचणीत आणू नका. वीचॅट, टेन्सेंट डॉक्स आणि टेन्सेंट मीटिंग (परदेशात तिचं नाव वूव) या तिथल्या पर्यायांवर काम निभतं. वीचॅटवर टाकलेली फाइल वेळेत उघडली नाही तर तिची मुदत संपते, म्हणून अंतिम फाइली कधीही फक्त चॅटमध्ये ठेवू नका. आपल्या मुलांसाठी एक जादा सूचना: भारतात वीचॅटवर जून २०२० पासून बंदी आहे. सुट्टीत पुण्याला आले आणि नेमक्या सादरीकरणाच्या आठवड्यात ग्रुपमधून गायब झाले, अशी मी स्वतःच आहे.

फॉन्टची एक गंमत मराठी माणसाला लगेच कळेल. काही फॉन्टमध्ये आपला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाने उमटतो आणि वाचताना खडा लागतो ना, तसंच चिनी मजकुराचं होतं. युरोपातल्या लॅपटॉपवर स्लाइड उघडली की कधीकधी काही अक्षरं जपानी वळणाने दिसतात. वाचता येतात, पण 'हाड' या अर्थाच्या अक्षरातली एक छोटी रेघ उलट्या बाजूला गेलेली असते. डच मुलांना तो फरक दिसतही नव्हता आणि पलीकडच्यांच्या चेहऱ्यावर बारीकशी आठी यायची. सरलीकृत चिनीचा फॉन्ट मुद्दाम निवडा आणि स्लाइड पीडीएफ करून पाठवा.

गप्प बसणं

पलीकडची मुलं मीटिंगमध्ये माइक बंद ठेवतात. युरोपियन मुलांनी त्याचा अर्थ लावला: वरिष्ठांपुढे न बोलण्याची संस्कृती. मंगळवारच्या मीटिंगसाठी चौघे कॉलेजच्या स्टुडिओत बसायचे, तेव्हा तशी अडचण नव्हती. पण आम्ही जादा मीटिंगा आमच्या सोयीने दुपारी ४ ला ठेवायचो. मार्चअखेर काटे सरकण्याआधी ते म्हणजे त्यांचे रात्रीचे ११. चौघा-चौघांच्या खोल्या, बाकीचे झोपलेले, आणि चीनमधल्या अनेक होस्टेलांत त्या सुमाराला दिवेही बंद करतात. एकदा त्यांच्यातल्या एका मुलाने कॅमेरा लावला, तेव्हा तो जिन्यात पायरीवर बसलेला दिसला, मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर जॅकेटची टोपी. त्यानंतर संस्कृतीची चर्चा आमची आम्हीच बंद केली.

तरी थोडी संस्कृती त्यात असतेच. "आम्ही यावर अभ्यास करून बघतो" असं उत्तर आलं की डच मुलगा वहीत लिहून घेतो: पुढच्या आठवड्यात उत्तर येणार. मला मात्र लगेच कळायचं, कारण आपल्याकडचं "बघू" हे त्याचंच सख्खं भावंड. तो नकार होता. तसंच डच मुलं शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि तिकडे आडनावानंतर 'लाओशी' लावतात, आपल्या 'सर'सारखं. त्या लाओशी कॉलवर असताना त्यांच्याच विद्यार्थ्याच्या रेखाटनाला "हे मला पटत नाही" असं तोंडावर म्हणू नका. तेच दोघांच्या चॅटवर म्हणा. तिथे ही मुलं भरपूर आणि चांगलं भांडतात.

कल्पना सुचवायच्या असतील तर तोंडी चर्चेने सुरुवात करू नका. १९६८ साली बर्न्ड रोरबाख यांनी मांडलेली ६-३-५ पद्धत इथे फार कामाची आहे: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. सगळं लिहून, चित्र काढून. इंग्रजी फर्डं असणाऱ्यांचं फुकटचं वजन त्यात गळून पडतं.

आकड्यांवरून माणूस काढणं

ही चूक हुशार मुलं करतात. गेर्ट हॉफस्टेडे या डच संशोधकाच्या सांस्कृतिक निर्देशांकांचा तक्ता उघडायचा, चीनचा 'व्यक्तिवाद' कमी दिसला की ठरवायचं: किटली कुटुंबासाठी हवी. तो तक्ता मुळात १९६७ ते १९७३ च्या सुमारास आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभा आहे, आणि त्या मूळ पाहणीत मुख्य भूमीवरचा चीन नव्हताच. चर्चेला तोंड फोडायला तो ठीक आहे, हँडलचा आकार ठरवायला नाही.

चिन्हांच्या यादीचंही तेच. चार आकडा अशुभ, घड्याळ भेट देऊ नये, लाल रंग मंगल, हे सगळं खरं आहे. पण शेअर बाजाराच्या पडद्यावर चीनमध्ये लाल म्हणजे भाव चढला आणि हिरवा म्हणजे पडला, हे त्या यादीत सहसा नसतं, आणि अ‍ॅप करताना नेमकं तेच आडवं येतं. उलट बाजूही निर्दोष नाही. युरोपसाठी करायचं म्हटलं की चिनी मुलं पांढरं प्लास्टिक आणि फिकट लाकूड वापरून मोकळी होतात. इटालियन मुलीने एकदा विचारलं, "माझी आजी दवाखान्यात राहते असं वाटतं का तुम्हाला?"

आजींचा थर्मास

आमची सगळ्यात महागडी चूक किटलीतच होती. युरोपियन बाजूची कल्पना: एका कपापुरतंच पाणी झटपट उकळेल, वीज वाचेल. दुसऱ्या आठवड्यातच पलीकडच्यांनी त्याची चकचकीत रेंडरिंग, म्हणजे संगणकावर काढलेली खऱ्यासारखी चित्रं, पाठवली. आमची मुलं वैतागली, की संशोधन संपायच्या आत चित्र कशाला? आता मला वाटतं, ते चित्र म्हणजे त्यांनी विचारलेला प्रश्न होता: "असंच म्हणताय ना?" आम्ही भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लावत बसलो आणि उत्तर दिलंच नाही. त्यांनी मग ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारातून मोटारी, सेन्सर मागवून तीन दिवसांत कामचलाऊ मॉडेल उभं केलं.

ते मॉडेल गटातल्या एकाच्या आजींपुढे ठेवलं आणि व्हिडिओ आला. आजींनी ते बाजूला सारलं. सकाळी त्यांनी जुनी मोठी किटली गॅसवर चढवली, दोन लिटर पाणी खळखळून उकळलं, ते थर्मासमध्ये ओतलं आणि बूच लावलं. मग कपात अर्धं थर्मासमधलं गरम पाणी आणि वर आदल्या रात्री उकळून निववलेलं, झाकलेल्या काचेच्या जगमधलं. बोट न लावता बरोबर पिण्याजोगं कोमट. दिवसभर असंच. एका कपाचा प्रश्न त्यांच्या घरात नव्हताच, पाणी दिवसातून एकदाच उकळत होतं. कोणत्याही तक्त्यात हा जग सापडला नसता.

दुभाषाचा सारांश

त्या व्हिडिओत आजी चार मिनिटं बोलल्या. नातवाने इंग्रजीत खाली लिहिलं होतं: "तिला जुनी किटली आवडते." आम्ही तेवढ्यावर पाच आठवडे काढले. नातवाची चूक नाही. घरचं माणूस घरच्या माणसाचं बोलणं गाळूनच सांगतं, आपणही तेच करतो. म्हणून मुलाखत घेणारा आणि भाषांतर करणारा वेगळा ठेवा, आणि वाक्यागणिक लिखित मजकूर मागा. रेकॉर्डिंगसाठी लेखी परवानगी आधीच घ्या. युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम मे २०१८ पासून आणि चीनमध्ये वैयक्तिक माहितीचा कायदा नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे, त्यामुळे चेहरे दिसणारे व्हिडिओ इकडून तिकडे सहज पाठवायचे नसतात.

आठव्या आठवड्यात दुसऱ्या मुलीने तो मजकूर पूर्ण उतरवला. तिसऱ्या मिनिटाला आजी म्हणत होत्या, की भरलेली किटली उचलून थर्मासच्या अरुंद तोंडात ओतताना मनगट वळतं आणि पाणी पायावर सांडतं, म्हणून त्या हल्ली थर्मास मोरीत खाली ठेवून ओततात. उरलेल्या दोन आठवड्यांत आम्ही सेन्सर, डिस्प्ले, सगळं काढून टाकलं. किटली उचलायचीच नाही, ती जागेवर कलते आणि लांब चोच थर्मासच्या तोंडात बसते, एवढंच ठेवलं. चोचीचा कोन जमायला एकोणीस कागदी मॉडेलं लागली. त्यातली अकरा तिकडे झाली, आठ इकडे.