समोरच्याचं दुकान दुमजली झालं तेव्हा

माझं किराणा दुकान, गळ्यात तुळशीची माळ. समोरच्याने पाच वर्षांत वर मजला चढवला. त्याचा काटा किलोमागे २० ग्रॅम खातो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. जीव जळतो, खोटं कशाला सांगू? तेव्हा मी काय करतो ते सांगतो.

सकाळी शटर उघडलं की आधी रिकाम्या काट्यावर शून्य बघा, मग शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेवून पडताळा. माझी पहिली पूजा हीच, उदबत्ती नंतर. दिवसभरात दुसऱ्याच्या गल्ल्याचा हिशेब मनात सुरू झाला, की ‘रामकृष्णहरी’ म्हणत डाळ निवडायला घ्या. मन लगेच ऐकत नाही. दहा मिनिटं द्या.

विठोबाशी भांडावंसं वाटलं तर खुशाल भांडा, पण त्याच्याशीच. तुकोबाही वाणीच. १६३० च्या दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं, तरी आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. उधारीची वही उघडताना मला हे हटकून आठवतं.

एकादशीला दुकान लवकर आवरून हरिपाठाला बसा. दारात गिऱ्हाईक असेल, तर आधी त्याची साखर नीट तोलून द्या.