जिनिंगच्या ऑफिसातला मेल सर्व्हर : या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगच्या गेटवर लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. राळेगाव, पांढरकवडा, वणी, हिंगणघाट, कुठूनही येवो, वाक्य एकच. "भाऊ, मेल जाऊनच नाही रायला. सर्व्हर दोनदा बंद-चालू करून पाह्यला." दोनदा बंद-चालू केला, पण परत आलेला मेल उघडून वाचला का? तो कोणी वाचलेला नसतो. पहिली चूक तीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

परत आलेल्या मेलमध्ये किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीत, तीन आकडी कोड असतो. आपल्याला त्याचा पहिला आकडा बघायचा. ४ असेल तर अडचण तात्पुरती, मेल रांगेत आहे आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करणार. पोस्टफिक्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्राममध्ये, मुद्दाम काही बदललं नसेल तर हा प्रयत्न ५ दिवस चालतो. ५ असेल तर समोरच्यानं दार लावलंय, तोच मेल कितीदाही पाठवा. हा फरक माहीत नसलेल्या एका मुनीमजींनी इंटरनेटची लाईन गेलेल्या दुपारी कोइम्बतूरच्या सूतगिरणीला एकच बिल सहा वेळा पाठवलं. संध्याकाळी लाईन आली, रांग हलली आणि तिकडून फोन आला, "सहा सौदे कधी झाले?" त्याहून वाईट म्हणजे रांग तुंबली म्हणून पोस्टफिक्सच्या 'पोस्टसुपर' या कमांडला 'ऑल' सांगून सगळी रांग पुसणं. त्यात खरी बिलंही जातात, आणि ती परत मिळत नाहीत.

आता स्पॅमचं रडगाणं. "आमचा मेल जीमेलवाल्याले दिसतच नाही." बहुतेक ठिकाणी सर्व्हर ऑफिसातल्याच ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवत असतो. त्या लाईनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलता असतो. त्या आयपीवरून उलट शोधलं तर नाव निघतं इंटरनेटवाल्याचं, तुमच्या जिनिंगचं नाही. अशा घरगुती आयपींचे पट्टे स्पॅमहॉस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांची यादी) आधीच टाकलेले असतात, म्हणजे तुम्ही एकही वाईट मेल पाठवला नसला तरी दार बंद. बरेच इंटरनेटवाले बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जाण्याची वाट, अडवून ठेवतात. अशा वेळी राऊटरशी झटापट करण्यात दिवस घालवू नका. सरळ एखादी रिले सेवा, म्हणजे आपला मेल पुढं पोचवणारी सेवा, घ्या, पोर्ट ५८७ वरून पासवर्ड देऊन मेल तिच्याकडे सोपवा. ऑफिसातला सर्व्हर मेलच्या पेट्या सांभाळेल, बाहेरचा प्रवास रिले बघेल.

रिले घेतली की हमखास होणारी एक चूक आहे. सेवावाला म्हणतो, "ही एसपीएफची ओळ डीएनएसमध्ये टाका." डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावाची इंटरनेटवरची नोंदवही, आणि एसपीएफ म्हणजे तुमच्या नावानं मेल कोणी पाठवायचा हे सांगणारी तिच्यातली ओळ. आपण टाकतो, आणि जुनी तशीच राहते. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. नोंद एकच हवी, दोघांचे पत्ते तिच्यातच जोडायचे, आणि त्यासाठी लागणारे डीएनएस शोध १० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) यांपैकी एक तरी मागितलंय. मी दोन्ही लावतो. या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी डीमार्कची नोंद आधी नुसती पाहणी करणारी ठेवतो, अहवाल दोन-तीन आठवडे वाचतो, मगच कडक करतो.

डिस्क भरणं हा सीझनचा आजार. प्रत्येक लॉटच्या ग्रेडिंग रिपोर्टचे फोटो, वजनकाट्याच्या पावत्यांचे स्कॅन, सगळं मेलमधूनच फिरतं. १० एमबीची फाईल मेलमध्ये बांधली की साधारण एक तृतीयांशानं फुगते, आणि पोस्टफिक्सची मूळ मर्यादाच जवळपास १० एमबीची. म्हणून "फाईल तर लहानच होती" हे वाक्य मी मनावर घेत नाही. डिस्क खरंच भरली की सर्व्हर ४५२ म्हणायला लागतो. मग कोणी तरी घाईनं मोठा लॉग पुसतं, आणि जागा तरीही मोकळी होत नाही! कारण चालू प्रोग्रामनं ती फाईल उघडीच धरलेली असते. त्यानं ती सोडेपर्यंत जागा अडकलेली राहते. जुने लॉग आपोआप बाजूला काढणारा लॉगरोटेट आधीच नीट लावून ठेवा. जागा दिसतेय तरी मेल घेत नसेल तर आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या नोंदीच्या जागा, संपलेत का ते पाहा. हजारो बारक्या फायलींच्या पेटीत ते जागेआधी संपतात.

एका ठिकाणी रोज सकाळी रिलेशी जोडणीच होत नव्हती. लॉग म्हणे, रिलेची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. अर्धा तास मीही चुकीच्या जागी शोधत होतो. मग सर्व्हरची तारीख पाहिली तर मशीन कित्येक वर्षं मागं! मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला, रात्री वीज जाऊन सर्व्हर बंद पडला की घड्याळ मागं पळायचं, आणि सकाळी राऊटर उशिरा सुरू झाल्यानं वेळ दुरुस्तही होत नव्हती. नाण्याएवढा सेल बदलला, काम झालं. त्याच दिवशी राऊटरही यूपीएसवर घेतला. नुसता सर्व्हर यूपीएसवर ठेवून काय उपयोग?

आता खरं भीतीचं. अकाउंटंटचा पासवर्ड मॉनिटरवर चिठ्ठीनं चिकटवलेला, त्यातही जिनिंगचं नाव आणि १२३. एक दिवस रांगेत अनोळखी पत्त्यांचे हजारो मेल दिसतात. पासवर्ड बदलला की लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. आत शिरलेला माणूस जाताना पेटीत फॉरवर्डचा नियम लावून जातो, आणि पुढचे सगळे सौदे निवांत वाचत बसतो. मग ऐन पैशाच्या दिवशी सूतगिरणीला मेल जातो, "आमचं बँक खातं बदललंय." म्हणून पासवर्डसोबत चालू जोडण्या तोडा, प्रत्येक पेटीचे फिल्टर आणि फॉरवर्ड उघडून पाहा, आणि खातं बदलल्याचा मेल कोणाचाही असो, जुन्या नंबरवर फोन करूनच माना. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३०, सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर, लावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. लॉग पुसून साफसफाई करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आपल्या सर्व्हरची ओळख पटवणारं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळणारं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते आपोआप नवं होतं, पण मेलचा प्रोग्राम जुनंच धरून बसतो. नूतनीकरणानंतर तो रीलोड व्हायलाच हवा. बॅकअप त्याच मशीनच्या दुसऱ्या फोल्डरात असेल तर तो बॅकअप नव्हे.

आणि डोमेनचं बिल. एका जिनिंगचं डोमेन संपलं, सगळे मेल बंद. नूतनीकरणासाठी लॉगिन केलं तर ओटीपी जाणार कुठं? त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर, कारण नोंदणी करताना तोच दिलेला! ओळखीची कागदपत्रं पाठवून खातं परत मिळवण्यात चार दिवस गेले, आणि तेवढे दिवस मालक गाठींचे भाव व्हॉट्सअॅपवर पाठवत बसले. आता तिथं नोंदणीला त्यांचा स्वतःचा जीमेल आणि मोबाईल नंबर आहे.