रिकामी प्लेट म्हणजे शून्य जीवाणू नव्हे : या चुका टाळा

जनुकीय बदल केलेला जीवाणू मातीत मिसळल्यावर काही दिवसांनी त्या मातीच्या नमुन्याच्या प्लेटवर (जीवाणू वाढवायच्या पोषक थराच्या बशीवर) एकही कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला ठिपका) उगवत नाही आणि अहवालात ‘जीवाणू नष्ट झाले’ असे लिहून विद्यार्थी मोकळे होतात, मुंबईतल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पांत मला सर्वाधिक खटकणारी चूक हीच. 10 ग्रॅम माती 90 मिलिलिटर सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) ढवळून त्यातले 0.1 मिलिलिटर पसरले, तर प्लेटवर जेमतेम 0.01 ग्रॅम माती पोचते. एका कॉलनीचा अर्थ म्हणूनच ग्रॅममागे 100 पेशी असा होतो, आणि त्याहून कमी पेशी असतील तर प्लेट बहुधा कोरीच राहते.

‘आत्मघाती जनुक (जीवाणूला स्वतःलाच मारायला लावणारे) बसवले आहे, आता काळजी नाही’ ही समजूतही या हिशेबापुढे टिकत नाही. उत्परिवर्तनामुळे हे जनुक 10 लाखांत एका पेशीत निकामी झाले आणि आपण ग्रॅममागे 10 कोटी पेशी मिसळल्या असतील, तर 100 पेशी वाचतात, म्हणजे नेमक्या आपल्या प्लेटला दिसतील न दिसतील इतक्याच. शिवाय पुढे वाढतात त्याही याच. त्यामुळे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अशा दोन आत्मघाती यंत्रणा बसवाव्यात आणि त्या प्लाझ्मिडवर (पेशीतून सहज गळू शकणाऱ्या सुट्या डीएनए-कड्यावर) न ठेवता गुणसूत्रात ठेवाव्यात.

उपाशी पेशी जिवंत असूनही प्लेटवर वाढत नाहीत, म्हणून पीसीआर (ठरावीक डीएनएच्या असंख्य प्रती करून तो ओळखण्याची चाचणी) करावा लागतो. पण तोही मेलेल्या पेशींचा डीएनए मोजतो आणि मातीतल्या ह्युमिक आम्लाने (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणाऱ्या तपकिरी द्रव्याने) अडतो. खाडीकाठच्या चिखलातून आम्ही काढलेला अर्क कोऱ्या चहासारखा तपकिरी होता आणि त्यात बँड (डीएनए सापडल्याची पट्टी) दिसेना; तोच दहापट पातळ केल्यावर बँड स्वच्छ उमटला. तेव्हापासून चाचणी अडलेली नाही हे पाहण्यासाठी त्याच अर्कात ज्ञात डीएनए मिसळलेली एक नळी सोबत चालवल्याशिवाय ‘नाही’ हे उत्तर मी स्वीकारत नाही.

मिसळलेले जीवाणू वेगळे ओळखण्यासाठी प्लेटमध्ये कॅनामायसिन हे प्रतिजैविक घालतात, पण त्याला दाद न देणारे जीवाणू मातीत मुळातच असतात, त्यामुळे काहीही न मिसळलेल्या मातीची प्लेटही हवीच. प्रकाश देणारी जनुके बसवलेल्या, चमकणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत, 1996 साली अमेरिकेत ओक रिज येथे बंदिस्त टाक्यांतील मातीत सोडलेल्या ‘स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स एचके44’सारख्या, प्रकाश मंदावला तरी पेशी मेल्या असे ठरत नाही, कारण त्या प्रकाशाला प्राणवायू आणि ऊर्जा दोन्ही लागतात.

प्रयोगाच्या कुंड्या गच्चीवर ठेवण्याचा मोह मात्र मुळीच नको. जनुकीय बदल केलेल्या जीवांबाबतच्या भारताच्या 1989 च्या नियमांनुसार असे जीवाणू परवानगीवाचून उघड्यावर सोडता येत नाहीत, आणि जुलैच्या एका सरीत कुंडीतले पाणी गच्चीच्या पन्हाळीतून थेट गटारात जाते.