सी ते ए मायनर: बोटं उचलू नका

गिटारवर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) बदलताना हात अडखळतो, कारण सगळी बोटं उचलून नव्याने ठेवली जातात. सी कॉर्डवरून ए मायनरला जाताना तर्जनी (सर्वांत बारीक तारेपासून मोजून दुसरी तार, पहिला फ्रेट म्हणजे गळ्यावरच्या पट्ट्यांमधलं पहिलं घर) आणि मधलं बोट (चौथी तार, दुसरा फ्रेट) जागचं हलवायचंच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून दर चार ठोक्यांना एकदाच स्ट्रम करा (तारांवरून हात फिरवा) आणि चौथ्या ठोक्यावर अनामिका हलवा. उशीर झाला तरी उजवा हात थांबवू नका, वेग 50 वर आणा. पहिली तार मुकी वाजली तर तर्जनी आडवी पडून तिला टेकतेय. बोट टोकावर उभं करा, फ्रेटच्या पट्टीलगत दाबा. मग जोरही कमी लागतो.