बाकड्याच्या चुका: ठोकायच्या आणि टाळायच्या

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘पावकिलो चुका द्या’ म्हटलं तर कुणी हसत नाही. सुताराच्या भाषेत चूक म्हणजे बारीक खिळा. माझ्या पहिल्या बाकड्यात मी दोन्ही जातीच्या चुका सढळ हातानं वापरल्या. मे महिन्याच्या सुट्टीत अंगणातल्या लिंबाखाली ते उभं राहिलं, पोळ्याला डुगडुगायला लागलं, दिवाळीत पाठ सुटली आणि संक्रांतीला बंबात गेलं.

त्यानंतर आणखी दोन बाकडी केली, शेजारपाजारची बिघडलेलीही उलटीपालटी करून पाहिली. आपल्याकडं बाकडं हात कच्चा आहे म्हणून फारसं बिघडत नाही. मे महिन्यात काम करताना जुलै डोळ्यांसमोर नसतो, म्हणून बिघडतं. परभणी-नांदेडकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, लाकूड खडखडीत वाळतं. आणि महिनाभरात त्याच लाकडावर पावसाच्या धारा लागतात. खाली काळी माती. व्हिडिओत दिसणारी बाकडी बहुतेक थंड मुलखातली, हिरवळीवर ठेवलेली. त्यांची मापं घ्या, पण त्यांचा पाया घेऊ नका.

लाकूड फुकट मिळालं म्हणून

बांधावरची बाभूळ वादळात पडली आणि मला बाकड्याची हौस आली. आरा मशीनवर फळ्या पाडून आणल्या आणि आठवड्यात कामाला लागलो. आमच्या गल्लीतले मिस्त्री येऊन फळी उचलून बघून गेले. “गुरुजी, ओलं हाय हे. कशाला घाई करायले?” मला वाटलं, इतक्या उन्हात ओलं कसलं राहतंय!

वरून वाळतं, आतून नाही. ढोबळ हिशोब असा की एक इंच जाडीच्या फळीला सावलीत वाळायला साधारण वर्ष लागतं. उन्हात टाकून घाई केली तर फळी पापडासारखी वळते आणि टोकांना चिरा जातात. बाभूळ तर या बाबतीत फारच हट्टी. फळ्या शेडमध्ये एकावर एक रचा, मध्ये दर दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घाला म्हणजे वारा खेळेल, आणि टोकांना उरलासुरला रंग फासा. पाणी टोकांतून सगळ्यात लवकर निघतं, म्हणून चिराही तिथंच पडतात.

वाळलंय की नाही हे ओळखायला माझी युक्ती किराणा दुकानातल्या काट्याची. फळीचा हातभर तुकडा दर पंधरवड्याला तोलायचा आणि वजन फळीवरच पेन्सिलीनं लिहायचं. सलग तीन वेळा आकडा हलला नाही, की लाकूड तयार. पहिल्या वेळी दुकानदारानं विचारलं, “हे काय भाव?”

विकत घ्यायचंच तर सागवान उत्तम, पण ‘सागवान’ या शब्दाला भुलू नका. फळीच्या कडेला पांढुरकी पट्टी असेल तर तो सालीलगतचा भाग. किनवटच्या जंगलातला अस्सल साग असला तरी त्याचा पांढरा भाग किडा खातो. टिकतो तो आतला तपकिरी गाभा. आंब्याची फळी स्वस्त असते, रंधा छान चालतो, आणि उघड्यावर दोन-तीन पावसाळ्यांत तिचा भुगा होतो. जुनं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवलेलं असेल तर त्याच्या तुळया सोन्यासारख्या. किती पिढ्या वाळलेलं लाकूड ते! फक्त रंधा लावण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा. आत मोडून राहिलेल्या एका खिळ्यानं माझ्या रंध्याच्या पात्याला असा दाता पाडला की धार लावण्यात संध्याकाळ गेली.

काळी माती

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती. बाकडं हलू नये म्हणून पाय हातभर मातीत गाडले आणि भोवती सिमेंट ओतलं. मला ते फार पक्कं वाटलं होतं.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांच्या भिंती तडकवणाऱ्या जमिनीपुढं बाकड्याच्या पायाची काय कथा? एक पाय वर आला, दुसरा खचला, आणि मधल्या जोडांवर पीळ पडला. शिवाय पायाभोवतीचं सिमेंट म्हणजे वाटी झाली: लाकूड आक्रसल्यावर जी फट पडली, तिच्यात पावसाचं पाणी साचून राहिलं. पाय कुजला तो बरोबर जमिनीच्या रेषेवर, कारण तिथं पाणीही असतं आणि हवाही. बाकी राहिलं ते वाळवीनं संपवलं.

आता मी असं करतो. पायांखाली फूट-दीड फूट काळी माती काढून टाकायची. मुरूम चार-चार इंचांच्या थरांत भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट दाबायचं. वर शहाबादी फरशीचे तुकडे, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच उंच. बाकडं त्यावर नुसतं ठेवायचं, गाडायचं नाही. पायाच्या बुडाला, म्हणजे जिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात तिथं, डांबर किंवा ऑइलपेंटचे दोन-तीन हात द्यायचे. खुर्चीला लावतात तसल्या रबरी टोप्या पायाला घालू नका, त्यांच्यात पाणी धरून राहतं.

फरशीनं वाळवी मरते असं नाही. पण मातीतून लाकडाकडं जाताना तिला फरशीच्या कडेवरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती डोळ्यांना दिसते. दर रविवारी अंगण झाडताना खराट्यानं ती पाडायची, एवढंच काम.

चुका आणि स्क्रू

खिळा ठोकला की काम झाल्यासारखं वाटतं. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि गुळगुळीत खिळा दर वर्षी केसभर वर येतो. मग पोरांच्या चड्ड्या फाटतात. बसायच्या पट्ट्यांना स्क्रू, पायांच्या जोडांना नट-बोल्ट हेच बरं.

स्क्रूतही एक फसवणूक आहे. दुकानात सगळ्यात आधी हातात येतात ते काळे, जिप्समच्या कामाचे स्क्रू. घरातल्या सिलिंगला ते ठीक. उघड्यावर लवकर गंजतात, आणि कडक असल्यानं बाभळीत पिळताना त्यांचं डोकं तुटून हातात येतं. स्टेनलेस स्टीलचे घ्या. परवडत नसतील तर निदान जस्ताचा जाड मुलामा असलेले. आधी ड्रिलनं भोक पाडा, स्क्रूच्या आट्या सोडून मधल्या दांड्याच्या जाडीचं. फळीच्या टोकापासून दीड इंच आत या, नाहीतर फळी उभी चिरते. बाभळीसारख्या कठीण लाकडात स्क्रूला मेणबत्ती घासून घ्या, सरसर जातो.

खिळ्याभोवती काळे ओघळ आले असतील तर ते कुजणं नव्हे. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात ते तिच्यातल्या टॅनिनमुळं. तेच द्रव्य लाकडातही असतं, आणि ओल्या लोखंडाला लागलं की शाईसारखा काळा रंग धरतं. डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं निघतात (हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्यानं धुऊन), पण लोखंडी खिळा तसाच ठेवला तर पुढच्या पावसाळ्यात ते परत येणार.

गोंदाबद्दल थोडक्यात: साधा पांढरा गोंद उघड्यावर टिकत नाही. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलाच घ्या, आणि नुसत्या गोंदावर पायाचा जोड सोडू नका.

डुगडुगणारा पाय

इथं बहुतेक जण हमखास घसरतात. एक पाय लांब वाटतो म्हणून थोडा कापायचा. मग दुसरा लांब वाटतो. असं करत करत एका ओळखीच्यांच्या बाकड्याचा पाट झाला होता.

आधी दोष पायाचा की जमिनीचा ते बघा. बाकडं घरातल्या सपाट फरशीवर ठेवून बघा. तिथंही डुगडुगलं तर पायात खोट. तिथं स्थिर राहिलं तर अंगणातली फरशी वरखाली आहे, करवतीला हात लावायचा नाही.

पायातच खोट असेल तर बाकडं त्याच सपाट फरशीवर राहू द्या. अधांतरी पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारून ते स्थिर करा. फटीपेक्षा किंचित जाड अशी एक लाकडाची चीप घ्या, तिच्यावर पेन्सिल आडवी टेकवा आणि चीप फरशीवरून सरकवत चारही पायांभोवती रेघ ओढा. त्या रेघेवर चारही पाय कापा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदाच करायचं.

बाकडं पुढं-मागं डुगडुगत नसून आडवं लचकत असेल तर ते वेगळं दुखणं. चौकट कितीही घट्ट आवळा, चौकोन लचकणारच. त्रिकोण लचकत नाही. मागच्या दोन पायांमध्ये एक तिरपी पट्टी मारा. मारण्याआधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी धरून दोन्ही तिरप्या लांब्या सारख्या करा, नाहीतर वाकडेपणाच पक्का होईल.

बसणाऱ्याचं माप

बैठक जमिनीपासून १६ ते १८ इंच. माझी १४ झाली होती, कारण हातभर पाय गाडताना हिशोब चुकला. आई बसली की तिला उठवायला माणूस लागायचा. घरात म्हातारं माणूस असेल तर १८च ठेवा, आणि हात टेकवायला दांडी द्या. पाठ किंचित मागं कललेली हवी. काटकोनातल्या पाठीवर कुणी दहा मिनिटंही बसत नाही. बैठकीलाही मागच्या बाजूला अर्धा इंच उतार द्या म्हणजे पाणी थांबत नाही.

पट्ट्या एक इंच जाडीच्या असतील तर दर दोन फुटांवर खालून आधार लागतो. चार फुटी बाकड्याला फक्त दोन टोकांवर टेकू दिला तर मधोमध झोळी होते. दोन पट्ट्यांत दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट सोडा. चार इंची पट्टी पावसाळ्यात सहज अर्धं सूत फुगते. मे महिन्यात चिकटून बसवलेल्या पट्ट्या ऑगस्टमध्ये एकमेकींना ढकलून स्क्रू उपटतात.

वरचा हात

चकचकीत व्हार्निश दिसायला देखणं, पण आपल्या उन्हात त्याचा पापुद्रा तडकतो. त्या भेगेतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग सगळं खरवडून काढावं लागतं. गाडीचं जळकं ऑइल फासायची गावाकडची पद्धत कुंपणाच्या डांबांना ठीक आहे. बसायच्या बाकड्याला लावलं तर पांढऱ्या धोतराची काय अवस्था होईल ते सांगायला नको.

मी जवसाचं तेल वापरतो, हार्डवेअरमध्ये मिळतं ते डबल बॉइल्ड. घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला कितीतरी दिवस घेतं. शेंगदाण्याचं तर वाळतच नाही, मुंग्यांना मात्र निमंत्रण जातं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी परत. जाड थर दिला तर वर्षभर चिकट राहतो.

एक गोष्ट मात्र अगदी गांभीर्यानं घ्या. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही चिंधी पेटू शकते. त्यात आपला मे महिना. चिंध्या दोरीवर सुट्या पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

आधीच बिघडलेलं असेल तर

बूड कुजलेलं असेल तर चारही पाय सारखे वर कापा आणि गेलेली उंची दगडानं भरून काढा. पट्टीखाली पिठासारखा ताजा भुगा दिसला तर आत किडा आहे; औषधाच्या मागं लागण्यापेक्षा पट्टीच बदला, पोरं त्यावर बसून चिवडा खातात. जोड सैल झाला असेल तर आधी बोल्ट आवळून बघा. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की बोल्ट आपोआप ढिले पडतात, त्यात कुणाचा दोष नसतो. माझ्याकडचे बोल्ट ८ एमएमचे आहेत, त्यांना १३ नंबरचा पाना लागतो. तो दारामागं एका खिळ्याला कायम टांगलेला असतो. पहिल्या बाकड्यातून निघालेला तेवढा एकच खिळा अजून सरळ आहे.